काळा चिमटा सर्वांत शेवटी

"थांबा."

तिने थांबावं असं त्या आवाजात खरं तर काही नव्हतं. आवाज मऊ होता, थोडा घाबरलेला होता आणि खांबामागून येत होता. तरीही ती थांबली. गेल्या आठ महिन्यांत इमारतीतल्या कुणी तिला काही करताना अडवलं नव्हतं, त्यामुळे केवळ नवल वाटून थांबली.

बुधवार होता, संध्याकाळचे साडेसहा. इमारतीखालच्या, तिन्ही बाजूंनी उघड्या पार्किंगमध्ये ती उकिडवी बसली होती. एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी सुरू करायची जंपर केबल तिने आणली होती; डाव्या हातात तिचा लाल चिमटा, उजव्या हातात काळा. समोर बाटलीसारख्या हिरव्या रंगाची जुनी मोटरसायकल, आणि शेजारी तिच्या दवाखान्याची छोटी मोटार, बॉनेट उघडं, इंजिन चालू.

"काय झालं?" तिने मान न वळवता विचारलं.

"चार गोष्टी आहेत," आवाज म्हणाला. "त्यातल्या दोन तातडीच्या. एक म्हणजे, चिमट्यांची दुसरी टोकं तुम्ही मोटारीला आधीच लावलीत. आता हातातले दोन एकमेकांना लागले तर ठिणगी उडेल. दुसरी, मोटारीचं इंजिन आधी बंद करा."

"चालू ठेवलं तर लवकर होईल."

"लवकर होईल खरं. पण काय होईल ते सांगता येत नाही. मोटरसायकलची बॅटरी एवढीशी असते. चालू मोटारीचा सगळा जोर तिला झेपत नाही. ती तापते, तिच्यातून वायू सुटतो, आणि त्यात तुमची ती ठिणगी..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. तिने दोन्ही चिमटे शरीरापासून लांब धरले, उठली, मोटार बंद केली, आणि मग मागे वळून बघितलं.

तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. चार महिन्यांपूर्वी आलेला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात दुधाची पिशवी. इमारतीत त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. तो आपली मोटरसायकल ताशी तीसच्या वर नेत नसे, आणि लिफ्टमध्येही हेल्मेट काढत नसे.

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"नाही."

"इलेक्ट्रिशियन?"

"नाही. मी... लेखक आहे."

"कथा-कादंबऱ्या?"

"नाही." तो खांबाजवळच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेला, वाकला, आणि दहा मिनिटांपूर्वी तिने केबलच्या खोक्यासकट फेकलेला चार घड्यांचा कागद बाहेर काढला. मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केला. "ही."

मिक्सर, पंखे, इस्त्र्या, पाण्याचे फिल्टर आणि जंपर केबल यांच्याबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी लोक सर्वांत आधी फेकतात, ती तो लिहीत असे. त्याचं लेखन लाखो घरांत पोचलं होतं आणि कुठेही उघडलं गेलं नव्हतं. या बाबतीत तो इतर लेखकांहून फार वेगळा नव्हता. फक्त त्याला ते माहीत होतं.

"म्हणजे हे सगळं तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली.

"अकरा पायऱ्या आहेत. हो."

"आणि स्वतः किती वेळा केलंय?"

त्याने कागदाची एक घडी पुन्हा सरळ केली. "एकदाही नाही."

ती हसली. त्या पार्किंगमध्ये ती आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसली, आणि ते तिला आवडलं नाही.

*

गाडी तिच्या बाबांची.

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. इमारतीतल्या पार्किंगचे आकडे त्यांचे, लिफ्टमधली 'चारपेक्षा अधिक व्यक्तींनी चढू नये' ही पाटी त्यांची, आणि चेअरमनकाकांच्या दारावरचं नावही त्यांचंच. डब्याच्या तळाशी उरलेला रंग त्यांच्याने टाकवत नसे. तो गाडीला लागायचा. गेल्या वर्षी एका औषधाच्या दुकानाचा हिरवा उरला, म्हणून गाडी हिरवी झाली. त्यानंतर बाबांनी काही रंगवलं नाही.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. गाडी तेव्हापासून सात नंबरच्या जागेत उभी होती, आणि सोमवारी तिच्या टाकीवर चेअरमनकाकांनी एक नोटीस चिकटवली. तीस दिवसांहून अधिक काळ न हललेली वाहने निरुपयोगी समजली जातील. शनिवारी सायंकाळी पाच वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येईल. ज्यांचे वाहन चालू स्थितीत आहे त्यांनी ते समक्ष चालू करून दाखवावे.

नोटिशीवर रागावण्यात तिने वेळ घालवला नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. न हलणाऱ्या गोष्टी हलवायच्या यावर तिचं पोट होतं, आणि 'होत नाही' हे शब्द तिच्या दवाखान्यात चालत नसत. तिने ताजं पेट्रोल भरलं. चाकांत हवा भरली. गाडीची किक कधीच तुटली होती, नुसतं बटण उरलं होतं, आणि बटण दाबल्यावर आतून मुंगी खोकल्यासारखा आवाज आला. दुकानदार म्हणाला, या मापाची बॅटरी मागवावी लागते, सोमवारी येईल. मंगळवारी तिने गाडी ढकलून सुरू करायचा प्रयत्न केला. मागे ढकलायला आई होती. आई दहा पावलं चालली, मग पायरीवर बसून इतकी हसली की पुढची दहा मिनिटं प्रयत्न स्थगित झाला. शिवाय बाहेर जाणारा रस्ता चढाचा होता.

म्हणून बुधवारी केबल.

"माझी गाडी वापरू," पुस्तिकावाला म्हणाला. "दोन्ही बारा व्होल्टच्या आहेत. समसमान बरं पडतं. पण आधी घड्याळ काढा."

"का?"

"धातूचा पट्टा आहे. पायरी दोन."

तिने मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. ते गरम होतं. त्याने ते शर्टाच्या खिशात असं ठेवलं, जणू ते कुणाचं पिल्लू होतं.

मग त्याने टॉर्च धरला आणि तिने गाडीच्या बाजूचं झाकण काढलं. बॅटरी फुगलेली नव्हती. फुटलेली नव्हती. पाझरत नव्हती. यांतलं एक जरी असतं तर तो पिशवी उचलून वर गेला असता, असं त्याने सांगितलं, आणि तिचा त्यावर विश्वास बसला.

"दोन्ही चाव्या बंद. आता लाल चिमटा तुमच्या बॅटरीच्या अधिक टोकाला. दुसरा लाल, माझ्या अधिक टोकाला. काळा, माझ्या उणे टोकाला. उरला एक काळा."

"तो माझ्या उणे टोकाला."

"नाही." पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ नव्हता. "शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. ती बॅटरीजवळ नको. काळा चिमटा सर्वांत शेवटी, आणि बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या उघड्या धातूला. जिथे रंग नसेल तिथे."

तिने टॉर्च घेतला. इंजिन बघितलं, सांगाडा बघितला, पाय ठेवायची दांडी, तिचा नट, नटाखालची चकती. सगळं हिरवं. बाबांनी काम अर्धवट सोडलं नव्हतं. कुठल्याही पुस्तिकेला न सुचेल अशा ठिकाणी त्यांचा ब्रश पोचला होता.

"थोडं खरवडावं लागेल," तो म्हणाला. "शर्टाच्या बटणाएवढं."

ती उठून उभी राहिली. "नाही."

"एका नटावरचा रंग..."

"नाही म्हटलं ना. दुसरं काही असेल तर सांगा."

"दुसरं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

तिने चिमटे काढले. केबलची गुंडाळी केली आणि वर निघून गेली. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की घड्याळ त्याच्या खिशात राहिलं.

*

"तुम्हीच का ते 'थांबा'?" गुरुवारी संध्याकाळी दार उघडत आई म्हणाली.

"हो. म्हणजे... हे घड्याळ राहिलं होतं माझ्याकडे."

"काल संध्याकाळपासून राहिलंय. ती सकाळपासून मनगटाकडे बघते आणि तुम्हाला चार शब्द ऐकवते. या आत. चहा घेता ना?"

"घेईन. साखर दीड चमचा." आणि आईचा गोंधळ होऊ नये म्हणून तो पुढे म्हणाला, "सपाट."

आईने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अगं, बाहेर ये. एक माणूस आलाय, सपाट दीड चमचावाला."

ती बाहेर आली. केस नुकतेच धुतलेले, खांद्यावर टॉवेल. त्याने घड्याळ पुढे केलं, तिने घेतलं, आणि दोघांनीही त्या व्यवहाराला हवा त्याहून थोडा जास्त वेळ लावला. आई चहाकडे बघत होती, म्हणजे बघत नव्हती.

"दर रविवारी पुसते हो गाडी," आईने कप ठेवत सुरुवात केली. "तासभर. चालव म्हटलं की कापड बदलते."

"आई."

"खोटं सांगतेय का मी? तिचे बाबा त्या गाडीवरून शिड्या न्यायचे. डबे लटकवायचे. एकदा तर आख्खी खिडकी आणली होती. आता हिने काचेचं कपाट तेवढं करायचं ठेवलंय."

"येते चालवता तुम्हाला?" त्याने तिला विचारलं.

"दुसऱ्या गिअरपर्यंत," ती म्हणाली. "तिसरा पुढच्या रविवारी शिकवतो म्हणाले होते."

त्याने कप उचलला. चांगलं बोलणारी माणसं तिला गेल्या आठ महिन्यांत पुष्कळ भेटली होती. हा गप्प बसून चहा पीत होता. तिला कपाळावरून कुणी हात काढून घेतल्यासारखं हलकं वाटलं.

त्याला सोडायला ती जिन्यापर्यंत आली. तशी गरज नव्हती. जिना एकच होता आणि त्याला तो ठाऊक होता.

"खरंच कोणी वाचत नाही तुमचं लिहिलेलं?"

"एक चाचणी चालू आहे," तो म्हणाला. "मिक्सरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात मी एक ओळ घातली होती. इथपर्यंत वाचले असल्यास कृपया कळवावे. खाली माझा पत्ता. मग सवयच लागली. आता सगळ्यांत घालतो."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग?"

"चाचणी चालू आहे," तो म्हणाला.

ती कठड्याला टेकून हसली. या वेळी तिला ते तितकंसं नावडलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी चेअरमनकाका तिच्या दवाखान्यात आले. त्यांचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून धरला होता. हात नोटीस चिकटवण्याइतकाच वर जात होता.

"तुझ्या बाबांबद्दल मला आदर आहे," ते टेबलावर झोपून म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. एकाला सूट दिली की उद्या सगळे..."

"मी सूट मागितलीय का काका? हात वर घ्या."

"होत नाही गं."

"होतं. अजून दहा."

त्या दिवशी तिने त्यांच्याकडून रोजच्यापेक्षा वीस वेळा जास्त व्यायाम करून घेतला. यात सूड नव्हता. खांद्याला गरज होती.

संध्याकाळीही पाऊस थांबला नव्हता. दुपारपासूनचा, कंटाळवाणा, सरळ पडणारा. पार्किंगच्या उघड्या बाजूंनी तुषार आत येत होते आणि सात नंबरच्या जागेत बोटभर पाणी साचलं होतं. ती केबल घेऊन खाली आली, तर तो आधीच पायरीवर बसलेला.

"ओल्या जमिनीवर नाही," तो म्हणाला.

"पायरी किती?"

"पायरीच्या आधी. वरच्या चौकटीत."

ती त्याच्या शेजारी बसली. मध्ये केबलची गुंडाळी. पावसाचे थेंब गाडीच्या सीटवर पडून आवाज करत होते, आणि तिचा हात पुनःपुन्हा खिशातल्या पुसायच्या कापडाकडे जात होता.

"मला हट्टी म्हणत असाल तुम्ही."

"मी काही म्हटलेलं नाही."

"म्हणा ना. तुम्हाला काय जातंय. शर्टाच्या बटणाएवढा रंग." तिने कापड बाहेर काढलं, घडी घातली, परत उघडली. "पण तो शेवटचा हात आहे हो. माणूस गेल्यावर त्याचे कपडे कुणाला देता येतात, चष्मा ठेवता येतो. रंग मात्र... जिथे लावला तिथेच असतो. मी खरवडला की तेवढे बाबा कमी."

त्याने गुंडाळीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाला, "याची पुस्तिका माझ्याकडे नाही."

"असती तरी मी वाचली नसती."

"तेही खरं."

पाऊस थोडा वाढला, तसा तो थोडा आत सरकला. म्हणजे तिच्या बाजूला. गुंडाळी होती तिथेच होती, पण ती आता दोघांच्या मध्ये पुरत नव्हती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माहिती म्हणून. हात मोडला की प्लास्टर किती दिवस ठेवतात?"

"हाड जुळेपर्यंत. पाच-सहा आठवडे."

"आणि काढलंच नाही तर?"

"सांधा धरतो. मग माझ्याकडे येतात. जितकं जास्त जपलं, तितकं दुखतं पुढे हलवताना..."

ती बोलता बोलता थांबली. त्याच्याकडे रोखून बघितलं. तो इतक्या साळसूदपणे समोर बघत होता, की त्याने हे मुद्दाम विचारलं की खरोखर माहिती म्हणून, हे तिला कळेना. तिने कापड खिशात ठेवलं.

"उद्या साडेचारला," ती उठत म्हणाली. "आणि तो कागद द्या इकडे."

"कुठला?"

"तुम्ही लिहिलेला. कचऱ्यातून काढलेला. दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे वेळ असतो मला."

त्याने खिशातून तो चार घड्यांचा कागद काढला. तीन दिवस तो खिशातच होता, हे त्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

*

शनिवारी ऊन होतं. जमीन कोरडी होती. साडेचार वाजता ती खाली आली तेव्हा घड्याळ वर काढून ठेवून आली होती, केस बांधले होते, आणि हातात बाबांची रंग खरवडायची पट्टी होती. लाकडी मूठ बाबांच्या अंगठ्याने एका बाजूला झिजवलेली. तिचा अंगठा तिथे बरोबर बसला नाही. तिने तो तरीही तिथेच ठेवला.

पाय ठेवायच्या दांडीचा नट. बॅटरीपासून लांब, चिमटा बसेल इतका मोठा.

तो टॉर्च धरून उभा होता. ऊन असताना टॉर्चची गरज नव्हती, पण त्याला काहीतरी धरायचं होतं.

तिने पट्टी टेकवली. एक ओढ. हिरव्याचा पापुद्रा निघाला आणि खाली मरून दिसला. ती थांबली.

"हा कॉलेजातला," ती म्हणाली. "माझ्या. हॉटेलच्या पाटीचा होता."

पुन्हा ओढ. मरूनखाली निळा.

"शाळेतला. याच्यावर बसून मी परीक्षेला जायचे. पुढे बसायचे, टाकीवर."

निळ्याखाली पिवळा आला. तो तिला आठवत नव्हता. तो तिच्या आधीचा असावा, आईच्या वेळचा. तिने त्याच्यावर बोट फिरवलं, नाक एकदा ओढलं, आणि पट्टी दाबली. सगळ्यांच्या खाली धातू लखलखला. शर्टाच्या बटणाएवढा.

"इथे?" तिने विचारलं.

"इथेच," तो म्हणाला. "सुरू करू? तुम्ही वाचा, मी लावतो."

तिने त्याच्या हाताकडे बघितलं. टॉर्च त्याने अजून सोडला नव्हता. "तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी लावते."

लाल, तिच्या बॅटरीच्या अधिक टोकाला. लाल, त्याच्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळा, त्याच्या उणे टोकाला. मधल्या वेळेत मोकळे चिमटे एकमेकांपासून लांब, जमिनीवर नाही, कशाला टेकून नाही. तो सांगत गेला, ती करत गेली. शेवटचा काळा चिमटा तिने उघडला, श्वास धरला आणि त्या नटाला लावला.

टिचकी वाजवावी तशी एक निळी ठिणगी उडाली. बॅटरीपासून हातभर लांब.

"हीच ती," तो पुटपुटला. सहा वर्षं ज्या ठिणगीबद्दल तो लोकांना बजावत होता, ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली.

मग त्याने आपली गाडी सुरू केली. "पायरी नऊ. पाच मिनिटं थांबायचं."

पाच मिनिटं झाली असती, पण मध्येच चेअरमनकाका आले. डाव्या काखेत रजिस्टर, मागे फाटकाबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो. काकांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजले. ही तर त्याची गाडी चालू आहे. तुझी कुठेय?"

"होतेय काका."

"होतेय नाही. नोटिशीत 'चालू करून दाखवावे' म्हटलंय. पाच म्हणजे पाच." त्यांनी टेम्पोच्या दिशेने हात करायचा प्रयत्न केला. हात खांद्यापर्यंत जाऊन अडकला.

"अजून दोन मिनिटं थांबावं लागेल," पुस्तिकावाला म्हणाला.

"कशाला?"

"लिहिलंय तसं."

"कोणी लिहिलंय?"

त्याने टॉर्च खाली ठेवला. चष्मा सरळ केला. "मी," तो म्हणाला. "मी लिहिलंय. लिहिलेलं पाळायचं असं तुमचंही म्हणणं आहे ना? तुमची नोटीस मी पूर्ण वाचली. दोनदा. पाच वाजता टेम्पो येईल, असं आहे. टेम्पो आलाय. गाडी पाच वाजताच दाखवावी, असं कुठेही नाही. तसं हवं असेल तर पुढच्या नोटिशीत घाला. भाषा मी तपासून देईन."

चेअरमनकाकांनी रजिस्टर उघडलं. नोटिशीची प्रत काढून वाचली. त्यांची नोटीस कुणी पूर्ण वाचल्याचा हा त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच प्रसंग होता, आणि ते आतून कुठेतरी सुखावले असावेत. "दोन मिनिटं," ते म्हणाले.

ती त्याच्याकडे बघत होती. तो बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"आता," तो म्हणाला.

तिने चावी फिरवली. दिवा लागला. बटण दाबलं. गाडी खोकली, थरथरली, गप्प झाली.

"बटण सोडा. दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही. मिनिटभर थांबा."

टेम्पोवाला उतरून फाटकाशी आला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आई आली. मिनिट संपल्यावर खाली लेकीने पुन्हा बटण दाबलं. गाडी जास्त वेळ खोकली... आणि गप्प झाली.

"झालं ना आता?" काका म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "अजून दहा."

काकांना ते वाक्य खांद्यात ऐकू आलं असावं.

तिसऱ्यांदा गाडी खोकली, अडखळली, आठ महिन्यांचा धूर एकदम ओकली आणि धडधडायला लागली. ओळखीचा आवाज होता. रोज संध्याकाळी चढावरून खाली येणारा, जो ऐकून आई चहाचं पाणी ठेवायची. वरच्या खिडकीतून आई दिसेनाशी झाली.

तिने डोळे पुसले नाहीत. हात काळे होते. "आता उलटं," ती म्हणाली, त्याने सांगायच्या आत. "नटावरचा काळा आधी. मग तुमचा काळा. मग तुमचा लाल. मग माझा."

"तुम्ही वाचलंत," तो म्हणाला.

"पायरी अकरा," ती बाबांचं हिरवं हेल्मेट घालत म्हणाली. "गाडी लगेच बंद करू नये. किमान अर्धा तास चालवावी. बसा मागे."

"मी?"

"मला दुसऱ्यापर्यंतच येतं. तिसरा कोण सांगणार?"

चेअरमनकाकांनी रजिस्टरमध्ये 'चालू' असं लिहिलं. ते लिहिताना त्यांचा हात किंचित जास्त वर गेला होता, हे तिने जाता जाता टिपून ठेवलं.

*

चढ पहिल्या गिअरवर चढून झाला. मोठ्या रस्त्यावर दुसरा पडला, आणि मग बराच वेळ दुसराच राहिला. गाडी ओरडत होती. मागे बसलेल्याचे दोन्ही हात सीटच्या पट्ट्याला घट्ट होते. एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं.

"आता क्लच दाबा," तो तिच्या कानाशी म्हणाला. "ॲक्सिलरेटर सोडा. पायाने एकदा वर. आणि क्लच... हळू... अजून हळू."

गाडीचं ओरडणं थांबलं. तिसरा पडला होता. वारा एकदम मोठा झाला, रस्ता एकदम लांब झाला, आणि सायकलवाला मागे गेला. ती काही बोलली नाही. फक्त आरशात तिला दिसलं की मागच्याचा एक हात पट्ट्यावरून सुटला, हवेत थोडा वेळ विचार करत राहिला, आणि मग अगदी अलगद तिच्या खांद्यावर येऊन टेकला. हे कुठल्याही पायरीत नव्हतं.

परत आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. तिने गाडी चढाच्या माथ्यावर, फाटकाबाहेर उभी केली. बंद केली नाही. तो उतरला.

"त्या नटाला पुन्हा रंग लावायला हवा," तो म्हणाला. "नाही तर गंजेल."

"नाही लावणार. तेलाचं बोट फिरवत जाईन. पुढच्या वेळी लागेल तो." तिने खिशात हात घातला. "हे घ्या तुमचं. परत करायचं होतं."

चार घड्यांचा कागद. त्याने उघडला. अकरा पायऱ्यांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात त्याची ओळ होती. इथपर्यंत वाचले असल्यास कृपया कळवावे. आणि तिच्या खाली पेन्सिलीने, डॉक्टरी वळणाच्या अक्षरात:

वाचलं. दुसरा मजला.

त्याखाली आणखी तीन ओळी होत्या.

पायरी बारा. बॅटरी पुन्हा उतरू नये म्हणून गाडी दर रविवारी चालवावी. पुसत बसू नये. मागे कोणी तरी बसलेलं असावं.

त्याने ते वाचलं. मग मुद्रितं तपासावीत तसं शब्दाशब्दावर थांबत पुन्हा वाचलं. सहा वर्षं ज्या उत्तराची तो वाट बघत होता ते हातात होतं, आणि काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं.

"एक शंका आहे," तो म्हणाला. घसा साफ केला. "'कोणी तरी' हे संदिग्ध आहे. सूचनेत नेमकं असावं लागतं. नाही तर वाचणाऱ्याचा... गोंधळ होतो."

"झालाय का गोंधळ वाचणाऱ्याचा?"

"...हो."

तिने कागद त्याच्या हातातून घेतला. पेन्सिल काढली. कागद हिरव्या टाकीवर ठेवला. गाडी चालू होती, त्यामुळे रेघ जरा थरथरली. तिने 'कोणी तरी' खोडलं, वर एकच अक्षर लिहिलं आणि कागद परत दिला.

तू.

खालून, पार्किंगमधून चेअरमनकाकांचा आवाज आला. गाडी चालू असल्याचं समितीच्या लक्षात आलेलं आहे, ती आता बंद केली तरी चालेल.

"आता नेमकं आहे?" तिने विचारलं.

"आहे," तो म्हणाला. कागदाच्या चार घड्या घातल्या. कागद शर्टाच्या खिशात ठेवला, जिथे एक दिवस तिचं घड्याळ होतं.

"मग बंद करू गाडी?"

त्याने हेल्मेटचा पट्टा लावला, मागे बसला, आणि या वेळी सीटच्या पट्ट्याकडे त्याचा हात गेलाच नाही.

"नको," तो म्हणाला. "तुझा तिसरा अजून कच्चा आहे."

तिने पहिला टाकला.